आधी पाऊणकीला हरवा: कोकणातून कॉम्प्युटर सायन्सचा प्रोजेक्ट करताना

जुलैचा दुसरा आठवडा आला की मला फोन यायला लागतात. बाहेर पाऊस कोसळत असतो, नेटवर्कची एखादी दांडी असते आणि पलीकडून तुटक आवाज येतो, "ताई, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. एखादा टॉपिक सुचव ना, एआयमधला." टॉपिक मी सुचवत नाही. मी विचारते, "तुझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर काय आहे?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग "कलमांची बाग आहे" किंवा "खाडी आहे". झालं, तिथून सुरुवात होते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातच बीएस्सी आणि एमएस्सी केलं. त्यात एक प्रोजेक्ट साफ फसला, एक बरा जमला. दोन्हींतून जे कळलं ते खाली क्रमाने लिहिते आहे. तुम्ही मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात असा नाहीतर लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या, पायऱ्या त्याच. प्रोजेक्ट दोन प्रकारचे. कोर्सच्या प्रोजेक्टमध्ये शिकवलेली पद्धत तुम्हाला नीट वापरता येते हे दाखवायचं असतं. संशोधनात ज्याचं उत्तर अजून कोणाकडे नाही असा एक छोटा प्रश्न घ्यायचा असतो. पहिल्यांदाच करत असाल तर कोर्सचा प्रोजेक्ट प्रामाणिकपणे करा. त्यातूनच कधीकधी दुसरा प्रकार डोकं वर काढतो.

पहिली पायरी: विषय सोडा, प्रश्न धरा

"एआय आधारित स्मार्ट शेती" हा विषय झाला, आणि तो अरबी समुद्राएवढा आहे. "मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून हापूसच्या पानावरचा करपा रोग आणि उन्हाने जळालेलं पान वेगळं सांगता येतं का?" हा प्रश्न झाला. प्रश्नाची खूण सोपी आहे: त्याचं उत्तर "नाही" असंही येऊ शकतं. विषयाला हो-नाही काहीच म्हणता येत नाही, म्हणून विषय घेतलेल्या ग्रुपचा प्रोजेक्ट कधी संपतही नाही.

आपल्याकडे प्रश्नांना तोटा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ड्रोनच्या फोटोत कोरलेली रेघ आणि कातळाची नैसर्गिक भेग संगणकाला वेगळी काढता येईल का? २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदी शिरली. पावसाचे आकडे, भरतीच्या वेळा आणि पाण्याची पातळी एकत्र ठेवली तर काय दिसतं? मासळीच्या लिलावातल्या टोपलीचा फोटो पाहून बांगडा आणि तारली वेगळी मोजता येते का?

मात्र प्रश्न निवडताना भिंतीवरचं कॅलेंडर बघा. ही चूक कोकणात दर वर्षी कोणीतरी करतंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणजे जेटीवर फोटो काढायला जुलैत गेलात तर उलट्या ठेवलेल्या होड्या आणि जाळी शिवणारे खलाशी भेटतील. आंब्याचा मोहोर थंडीत, फळ मार्च ते मे. सेमिस्टर जूनला सुरू होऊन नोव्हेंबरला संपतं आणि मध्ये गणपतीत आठ-दहा दिवस कोणी कोणाचं नसतं. मोहोरावरच्या तुडतुड्यांचा प्रोजेक्ट पाचव्या सेमिस्टरला घेतलात तर सबमिशनच्या दिवशी झाडाला नुसती पालवी असेल.

दुसरी पायरी: साधा नियम शोधा आणि त्याला हरवून दाखवा

मला या लेखात खरं सांगायचं आहे ते इथेच, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आमच्या शेजारी नाना राहायचे. जन्मभर तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. एमएस्सीला असताना मी त्यांना म्हटलं, "नाना, मी भरतीची वेळ सांगणारं मॉडेल करतेय."

"कशाला?" नानांनी जाळ्यातून मान वर न काढता विचारलं. "आज तिथ कोणती?"

"सप्तमी."

"मग सात पाऊण सव्वापाच. सव्वापाचला पाणी भरलं. झालं तुझं मॉडेल."

किनाऱ्यावरचा हा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आजोबांच्या पिढीने शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ केली ती अशी कामी यायची. मला तेव्हा राग आला. पण घरी येऊन वही उघडली आणि लक्षात आलं की नानांनी माझ्या हातात बेसलाइन ठेवली आहे.

बेसलाइन म्हणजे कुठलंही मोठं मॉडेल न वापरता, साध्या नियमाने मिळणारं उत्तर. तुमचं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं मॉडेल, कितीही थरांचं असो, ते पाऊणकीपेक्षा बरं असल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. म्हणून पहिला कोड बेसलाइनचा लिहायचा, मॉडेलचा नंतर. माझा पहिला कोड तीन ओळींचा होता.

आता ही बेसलाइन उलगडून बघा. एका चांद्रमासात तिथी तीस, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ सरकत सरकत चोवीस तासांचा फेरा पुरा करते. चोवीस भागिले तीस म्हणजे ०.८ तास, अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणकी धरते ०.७५ तास, पंचेचाळीस मिनिटं. तिथीमागे तीन मिनिटांची तूट. पंधरा तिथींत ती पाऊण तासावर जाते, म्हणून हिशोबाने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि लगेच प्रतिपदेला पाऊण. एका तिथीत दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पुनवेला आम्ही पाणी बघून जातो, बोटं मोजून नाही." म्हणजे नियम कुठे चुकतो हे त्यांना ठाऊक होतंच, फक्त त्यांनी ते कागदावर मांडलं नव्हतं.

यावरचा पहिला सुधार म्हणजे पुस्तकातलं लिनिअर रिग्रेशन, म्हणजे मोजलेल्या ठिपक्यांतून सरळ रेषा बसवणं: वेळ = अ × तिथी + ब. "अ" साधारण ०.८ च्या आसपास यायला हवा, आणि "ब" तुमच्या बंदराचा. मुंबईची भरती आणि मालवणची भरती एकाच मिनिटाला येत नाही, तो फरक "ब"मध्ये बसतो.

इथे मी एक माती खाल्ली ती सांगते. पहिल्या रनला सरासरी चूक भलतीच मोठी आली. दोन दिवस मी मॉडेलला दोष देत होते. मग एकेक ओळ छापून पाहिली तेव्हा कळलं: खरी भरती बारा वाजून दहा मिनिटांनी, माझा अंदाज अकरा पन्नासचा. चूक वीस मिनिटांची, पण माझ्या कोडला ० तास १० मिनिटं आणि ११ तास ५० मिनिटं यांच्यातलं अंतर अकरा तास चाळीस मिनिटं दिसत होतं. घड्याळ गोल असतं हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. वेळ, दिशा, महिना असं काहीही गोल फिरणारं मोजताना हे आधी तपासा.

दुसरा घोळ पंचांगाचा. कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते. एखादी तिथी सूर्योदय न बघताच संपते, एखादी दोन सूर्योदय बघते. म्हणजे क्षयतिथीला डेटातली ओळ गळते आणि वृद्धितिथीला ती दुबार येते. उपाय सोपा. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी होते. तो कोन पायथनच्या खगोलशास्त्राच्या लायब्ररीतून काढा, बाराने भागा, दशांशात तिथी मिळते.

रेषा बसवल्यावर उरलेल्या चुकांचा आलेख तिथीप्रमाणे काढा. ठिपके सैरावैरा दिसले तर थांबा. पण इथे ते लाटेसारखे वरखाली होतात, कारण सूर्यही पाण्याला ओढतो आणि मधल्या तिथींना भरती रेषेच्या कधी पुढे, कधी मागे जाते. चुकांत आकार दिसला म्हणजे अजून शिकण्यासारखं काही शिल्लक आहे. पुढचा टप्पा मग ठरावीक काळाच्या लहरींची बेरीज: चंद्राची मुख्य लहर १२.४२ तासांची, सूर्याची १२ तासांची, दिवसातून एकदा येणाऱ्या २३.९३ आणि २५.८२ तासांच्या. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, १८७२ च्या सुमारास हीच बेरीज कप्प्या आणि दोरीवर करणारं यंत्र बनवलं होतं. डीप लर्निंगची, म्हणजे पुष्कळ थरांच्या न्यूरल नेटवर्कची, पाळी याच्याही नंतर येते. माझ्या प्रोजेक्टमध्ये ती आलीच नाही, आणि त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही.

तुमचा प्रश्न भरतीचा नसला तरी पाऊणकी शोधाच. आंब्याच्या पेटीच्या भावाला "कालचा भाव तोच आजचा" ही पाऊणकी. मासळीच्या फोटोला "सगळे बांगडेच" ही पाऊणकी: टोपलीत शंभरातले नव्वद बांगडे असतील तर हे आंधळं उत्तरही नव्वद टक्के बरोबर येतं, मग तुमच्या एक्याण्णव टक्क्यांचं काय कौतुक?

तिसरी पायरी: डेटा स्वतः बघा, जमलं तर स्वतः गोळा करा

आता फसलेल्याची गोष्ट. बीएस्सीला मी करप्याचाच प्रोजेक्ट केला होता. रोगट पानं काकांनी बागेतून तोडून आणली, मी ती पडवीत ठेवून फोटो काढले. निरोगी पानांचे फोटो मात्र झाडावरच काढले. एकेका पानाचे पाच-सहा फोटो, मग सगळे एकत्र पिसून ऐंशी टक्के ट्रेनिंगला (मॉडेलला शिकवायला), वीस टक्के टेस्टला (तपासायला). आकडा नव्वदीच्या बराच पुढे. मी खूश, ग्रुप खूश.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खिशातून मोबाईल काढला आणि एका निरोगी पानाचा टेबलावर ठेवून काढलेला फोटो दिला. मॉडेल म्हणालं: करपा. दुसरा फोटो. करपा. माझं मॉडेल करपा ओळखायला शिकलंच नव्हतं. पडवीतली लाल लादी ओळखायला शिकलं होतं. शिवाय एकाच पानाचे फोटो ट्रेनिंगमध्ये आणि टेस्टमध्येही होते, म्हणजे पेपर आधीच फुटलेला.

तेव्हा वाटणी फोटोंची करायची नाही, झाडांची करायची. शक्य असेल तर बागांची: दोन बागांवर शिकवा, तिसऱ्या बागेवर तपासा. भरतीसारख्या काळाच्या क्रमाने येणाऱ्या डेटात तर पत्ते पिसूच नका. आधीचा महिना शिकायला, नंतरचा तपासायला.

हे फक्त माझ्यासारख्या नवख्यांचं होत नाही. 'प्लांटव्हिलेज' हा पानांचा प्रसिद्ध डेटासेट आहे, चौपन्न हजारांवर फोटो, चौदा पिकं. २०१६ मध्ये त्यावर शिकवलेल्या मॉडेलने त्याच संचातल्या राखून ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के मिळवले. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर तेच मॉडेल एकतीस टक्क्यांवर आलं, आणि हे त्या संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलं. त्या चौदा पिकांत आंबा नाही, हेही जाता जाता सांगते. तरी दर वर्षी कोणीतरी तो डाउनलोड करून "हापूसवरील रोगनिदान" असं मुखपृष्ठावर छापतं.

भरतीच्या डेटाची गंमत वेगळी. सर्व्हे ऑफ इंडिया दर वर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतं. ती घेऊन मॉडेल शिकवायचा मोह होतो. पण कोष्टक म्हणजे मोजलेली भरती नव्हे, ते आधीच केलेलं भाकीत आहे. त्यावर शिकलेलं मॉडेल समुद्र शिकत नाही, सर्व्हेचं सूत्र शिकतं. कोष्टक तुलनेला ठेवा; शिकायला मोजलेलं पाणी हवं.

ते आम्ही असं मोजलं. जेटीच्या एका खांबाला परवानगी घेऊन शिंप्याची टेप बांधली, वर प्लास्टिक गुंडाळलं. भरतीच्या सुमारास दर दहा मिनिटांनी आकडा वहीत. अडचण अशी की पाणी भरल्यावर थारतं, वीस-पंचवीस मिनिटं टेपवर हलतच नाही. मग नेमकी भरती कधीची? नानांच्या पुतण्याने युक्ती काढली. चढताना पाणी ज्या खुणेला होतं त्याच खुणेला उतरताना कधी आलं ते बघायचं आणि दोन्ही वेळांचा मध्य धरायचा. एका चांद्रमासात साधारण सत्तावन्न भरत्या होतात. रात्रीच्या काही आमच्या हुकल्या, आणि हुकलेल्या ओळी आम्ही रिकाम्याच ठेवल्या. अंदाजाने भरलेला आकडा डेटात शिरला की तो पुन्हा कोणाला ओळखता येत नाही.

बागायतदाराकडून किंवा खलाशाकडून काही घेत असाल तर कशासाठी हवं ते आधी सांगा. फोटोत माणसं येत असतील तर विचारा. आंब्याच्या दिवसांत सकाळी बागेत जाऊ नका, तेव्हा तोडणी चालू असते आणि कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. संध्याकाळी पेट्या भरून झाल्यावर जा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आपल्याच पट्ट्यात आहे. रोगाचं नाव ठरवताना गुगलपेक्षा तिथल्या जाणकाराचा शब्द घ्या. पानाला चुकीचं लेबल लागलं तर पुढचं सगळं मुसळ केरात.

चौथी पायरी: थोडं वाचा, पण तीन फेऱ्यांत

नवीन मुलं संशोधनाचा पेपर कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचतात आणि तिसऱ्या पानावर झोपतात. पहिल्या फेरीत फक्त सारांश, आकृत्या आणि निष्कर्ष, दहा मिनिटं. कामाचा वाटला तर दुसरी फेरी, गणित सोडून. तिसरी फेरी फक्त त्या एक-दोन पेपरांची, ज्यांच्यावर तुमचं काम उभं आहे. पेपर शोधायला गुगल स्कॉलर आणि अर्काइव्ह (arXiv) दोन्ही फुकट आहेत. प्रत्येक पेपरला एकच प्रश्न विचारा: यांची पाऊणकी कोणती होती? पुष्कळ पेपरांत ती सापडत नाही.

पाचवी पायरी: लाईट जाणार हे धरूनच कोड लिहा

पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जाते, नेट जातं, झाड पडून दोन्ही एकत्र जातात. गुगल कोलॅबचं फुकटचं जीपीयू, म्हणजे मॉडेल भराभर शिकवणारी चिप, छान आहे, पण सेशन तुटलं की मेमरीत होतं ते गेलं. दर एपॉकला, म्हणजे सगळा डेटा एकदा शिकवून झाला की, मॉडेल ड्राइव्हवर साठवा आणि तिथूनच पुढे सुरू होईल असा कोड पहिल्या दिवशी लिहा. आधी शंभर फोटोंवर सगळं शेवटपर्यंत चालवून बघा, मगच हजारांवर जा.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट शिका. add (बदल निवडणं), commit (नोंदवणं) आणि push (वर पाठवणं) हे तीन हुकूम एका दुपारी येतात आणि "फायनल", "फायनल२", "खरंच फायनल" अशा फोल्डरांपासून सुटका होते. कमिटचा निरोप मराठीतही लिहिता येतो. माझ्या एकावर "घड्याळ गोल केलं" असं आहे. मूळ डेटा मात्र कधीच बदलू नका. तो एका फोल्डरात जसाच्या तसा, आणि साफसफाई करणारा कोड वेगळा.

शिवाय एक कागदी वही ठेवा. तारीख, काय बदललं, काय आकडा आला, का आला असं वाटतं. रँडम सीड, म्हणजे संगणकाची यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा, तोही लिहा. एकाच मॉडेलला पाच वेगवेगळ्या सीडने चालवलं तर आकडा किती हलतो ते दिसतं. तुमची "सुधारणा" त्या हलण्याएवढीच असेल तर ती सुधारणा नाही.

सहावी पायरी: गाईड आणि ग्रुप

दर आठवड्याला गाईडना भेटा, काम पुढे सरकलं नसलं तरी. जाताना एक आलेख आणि एक अडलेला प्रश्न न्या. सरांना "मॉडेल चालत नाही" एवढंच सांगितलं तर ते तरी काय करणार? ग्रुपमध्ये चौघं असतील तर कामं लिहून वाटा. चौथा मुलगा पीपीटी करतो, ही सगळीकडची रीत मला काही मोडता आलेली नाही, पण निदान त्याच्याकडून डेटाची लेबलं तरी तपासून घ्या.

सातवी पायरी: रिपोर्ट आणि व्हायवा

रिपोर्ट शेवटच्या आठवड्यात लिहायचा नसतो. डेटा कसा गोळा केला हा भाग गोळा करतानाच लिहा, कारण टेप कुठल्या खांबाला बांधली होती हे चार महिन्यांनी आठवत नाही. ओव्हरलीफ या साइटवर लाटेक (LaTeX) ही लिखाण मांडायची पद्धत वापरलीत तर समीकरणं आणि संदर्भ आपोआप जागेवर बसतात. सवय व्हायला दोन दिवस त्रास होतो.

दुसऱ्याचे परिच्छेद उचलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, चाळीसच्या पुढे प्रकरण गंभीर होतं, साठच्या पुढे फारच. चॅटबॉटकडून कोड घेतला असेल तर तसं लिहा, आणि त्यातली प्रत्येक ओळ तोंडी समजावता येते का ते आरशासमोर करून बघा. व्हायवात नेमकी तीच ओळ विचारतात.

निकालाच्या तक्त्यात पहिली ओळ पाऊणकीची, तुमची ओळ तिच्याखाली. टक्क्यांपेक्षा वापरणाऱ्याला कळेल असं माप द्या. आमच्या तक्त्यात सरासरी चूक मिनिटांत होती, कारण नानांना मिनिटं कळतात. मी त्यांना आधी विचारलं होतं, किती चुकलेलं चालेल? ते म्हणाले, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, होडी त्यावरून काढायला भरतीच्या अलीकडे-पलीकडे अर्धा तास मिळतो. तोच अर्धा तास आमच्या आलेखावर लाल रेघ म्हणून आला. व्हायवात परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्या रेघेवर घालवला. ती कुठून आली, कोणी सांगितली, तिच्याबाहेर किती ठिपके आहेत. बाहेरचे बहुतेक ठिपके वाऱ्याच्या दिवसांचे होते, आणि वारा आमच्या मॉडेलमध्ये नव्हता. ते मी तसंच सांगितलं.

सबमिशन झालं की दोन कामं उरतात. रीडमी फाईल अशी लिहा की पुढच्या वर्षीच्या मुलाला तुम्हाला फोन न करता कोड चालवता येईल: कुठली आवृत्ती, कुठली फाईल आधी, डेटा कुठे. आणि ज्यांनी डेटा दिला त्यांना काय निघालं ते जाऊन सांगा. मी नानांना आमच्या रेषेचं कोष्टक एका पुठ्ठ्यावर छापून दिलं. त्यांनी ते पडवीत पंचांगाशेजारी टांगलं, आणि त्या दिवशीची तिथी विचारून आधी बोटांवरच मोजलं.